बाग कुणाची, विसावा कुणाचा?



बागेविषयी वसईच्या माणसाला कुणी नव्याने शिकवावे असे फारसे काही उरलेले नाही. आपण वाडीत जन्मलो, वाडीत वाढलो. केळी, पानवेल, मोगरा, भाजीपाला आणि त्यांना पाणी पुरवणारे बावखल, एवढ्यात आपल्या वाडवडिलांचे आयुष्य गेले. पण वाडी वेगळी आणि उद्यान वेगळे. वाडीतून घरात पैसा येतो. उद्यानातून काहीच येत नाही, उलट पाणी, खत आणि माळ्याचा पगार यांवर खर्चच होतो. मग जेथे एकेका चौरस फुटाला सोन्याचा भाव आहे, तेथे अशी ‘निरुपयोगी’ जमीन शहराने का राखावी? आणि राखलीच, तर ती कुणासाठी?

हा प्रश्न आज विचारण्यास कारण आहे. आपल्या चर्चच्या मागे चिंचेखाली जी मोकळी जागा आहे, तेथे छानशी बाग करावी, तिला कुंपण घालावे, फाटक बसवावे आणि ते फक्त मिस्साच्या वेळी उघडावे, अशी सूचना पॅरिश कौन्सिलपुढे आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. आज दुपारच्या वेळी त्या चिंचेखाली नाक्यावरचे मजूर आणि टोपल्या घेऊन आलेल्या आदिवासी बाया डबे सोडतात, घटकाभर आडव्या होतात. मागे कधी कधी कागद, प्लॅस्टिक पडून राहते. देवाच्या घराभोवती स्वच्छता हवी यात दुमत नाही. तरीही निर्णय घेण्यापूर्वी आपण थोडा खोलवर विचार करावा असे वाटते आणि त्यासाठी आपल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाची अलीकडची सहल उपयोगी पडेल.

आम्ही यंदा वांद्रे-कुर्ला संकुलात गेलो होतो. हा भाग आपल्याला अगदीच परका नाही. अमेरिकेची वकिलात २०११ साली तेथे गेली तेव्हापासून मुलाबाळांच्या व्हिसासाठी आपल्यापैकी कित्येकांनी पहाटेची गाडी पकडून तेथे रांगा लावल्या आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरपासून तर भुयारी मेट्रोही तेथे पोहोचली आहे. पण रांगेत उभा असलेला माणूस आजूबाजूला पाहत नाही. आम्ही मुद्दाम पाहण्यासाठी गेलो. काचेचे मनोरे, बँकांची मुख्यालये, शेअर बाजार, हिरेबाजार हे सर्व बाहेरून पाहून झाल्यावर तेथील एका आखीव उद्यानात आम्ही दुपारी विसावलो. गालिच्यासारखी हिरवळ, एका उंचीत कापलेली झुडपे, ओळीने लावलेले पाम, घडीव दगडाची बाके, झाडांच्या बुंध्याशी नेऊन सोडलेल्या पाण्याच्या बारीक नळ्या. आमच्यातील जुन्या वाडीवाल्यांनी वाकून माती हातात घेतली आणि काम चांगले आहे अशी पावती दिली. वाडीवाल्याकडून अशी पावती सहजासहजी मिळत नाही.

त्या दीड-दोन तासांत तीन गोष्टी आमच्या नजरेस पडल्या. एका बाकावर घरपोच जेवण पोहोचवणारा एक तरुण पाठीवरची पेटी उशाला घेऊन आडवा झाला होता. रखवालदाराने त्याला उठवले. जवळच आमच्यातील दोन आजोबा बाकाला टेकून चक्क घोरत होते. त्यांना कुणी उठवले नाही. दुसरी गोष्ट, तो रखवालदार स्वतः सर्व वेळ उभा होता. आमच्यातील एका काकांनी त्याला विचारले, “बाबा, तू कधी बसतोस?” तो हसून म्हणाला, “काका, घरी गेल्यावर.” तिसरी गोष्ट सर्वांत अधिक मनाला लागली. सकाळपासून त्या हिरवळीतले तण खुरपणाऱ्या बाया जेवणाची वेळ झाली तशा फाटकाबाहेर गेल्या आणि फुटपाथवर भिंतीच्या सावलीत डबे सोडून बसल्या. आमच्यातील एका आजींनी त्यांना हाक मारली, “अगं, आत झाडाखाली या की!” त्यातली एक म्हणाली, “नको आजी, आम्हाला आत बसायला नाही.”

या गोष्टी सांगण्यात त्या उद्यानाची तक्रार करण्याचा हेतू नाही, म्हणून त्याचे नावही येथे देत नाही. रखवालदार दुष्ट नव्हता, त्याला नेमून दिलेले काम तो करत होता. अशी बाग आणि असा नियम कोणत्याही शहरात सापडेल. आपल्या विचाराचा विषय तो नियम आहे.

प्रथम त्या जमिनीविषयी थोडेसे. आज जेथे संकुल उभे आहे तेथे पूर्वी खाजण होते. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून सुमारे १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी येथे पसरत असे. भरतीचे पाणी आत येई, तिवरांची झाडे ते धरून ठेवत. १९७७ साली सुमारे ३७० हेक्टरच्या या क्षेत्राचा विकास मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविण्यात आला. पुढे भराव पडला, रस्ते झाले, मनोरे उभे राहिले. दक्षिण मुंबईतील गर्दी कमी व्हावी हा उद्देश योग्यच होता आणि हजारो घरांची चूल आज या संकुलामुळे पेटते, त्यात वसईची घरेही आहेत. पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने आपली जुनी जागा मागितली, तेव्हा काय झाले हे आपण विसरलेलो नाही. ती देवाने दिलेली शिक्षा होती असे आम्ही म्हणणार नाही. पाण्याला पसरायला जागा लागते आणि ती उरली नाही तर ते घरात शिरते, एवढाच त्याचा अर्थ. पण पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला येथे लेवीय पुस्तकाचा सव्विसावा अध्याय आठवल्याशिवाय राहत नाही. माणसांनी भूमीला तिचा विसावा दिला नाही, तर एके दिवशी भूमी तो स्वतःच घेईल असा इशारा तेथे दिलेला आहे.

भूमीचा विसावा! आपल्या प्रश्नाची किल्ली या शब्दांत आहे.

शब्बाथाची आज्ञा आपण सर्व लहानपणी धर्मशिक्षणात पाठ करतो. सहा दिवस काम, सातव्या दिवशी विश्रांती. पण या आज्ञेचे कारण बायबलमध्ये दोन ठिकाणी दोन प्रकारे दिलेले आहे, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. निर्गम पुस्तकात (अध्याय २०) कारण दिले आहे ते निर्मितीचे: परमेश्वराने सहा दिवसांत सृष्टी घडवली व सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तुम्हीही घ्या. अनुवाद पुस्तकात (अध्याय ५) मात्र कारण वेगळे आहे. तेथे म्हटले आहे की, तुझ्याप्रमाणेच तुझ्या दासाला आणि दासीलाही विसावा मिळावा, कारण तू स्वतः मिसर देशात दास होतास हे विसरू नकोस. म्हणजे शब्बाथ हा केवळ मालकाच्या सुट्टीचा दिवस नव्हे. मालक विश्रांती घेतो आणि त्याचा नोकर राबतो, तर त्या घरी शब्बाथ पाळला गेलाच नाही.

आणखी पुढे, निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात दोन नियम एकापाठोपाठ एक येतात. पहिला जमिनीविषयी: सातव्या वर्षी शेत पडीक ठेवावे, म्हणजे गरिबांना त्यातले खाता येईल आणि उरलेले रानातल्या जनावरांना मिळेल. दुसरा दिवसाविषयी: सातव्या दिवशी काम थांबवावे, म्हणजे बैल, गाढव, दासीचा मुलगा आणि परका यांना दम खाता येईल. भूमीचा विसावा आणि कष्टकऱ्याचा विसावा शास्त्राने शेजारी शेजारी ठेवले आहेत, ते उगीच नव्हे. माणूस आपल्या कमाईतला एक हिस्सा मागे ठेवतो, एक दिवस किंवा एक वर्ष कमावायचे नाकारतो, आणि त्या रिकाम्या जागेत ज्याला स्वतःचे काही नाही त्याला प्रवेश मिळतो.

या दृष्टीने पाहिले तर शहरातील उद्यान हा भूमीचा शब्बाथ आहे. जेथे आणखी एक मनोरा उभा राहून कोट्यवधी रुपये मिळाले असते, तेथे शहर म्हणते, ‘नाही, एवढ्या जागेतून आम्ही काही कमावणार नाही. येथे गवत उगवू द्या, येथे माणसांना बसू द्या.’ ही लहान गोष्ट नव्हे. पैशाच्या राजधानीत पैशाला ‘येथे थांब’ असे सांगणारी ती जागा आहे. म्हणून ‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणून अशा बागेला नावे ठेवणे आम्हाला पटत नाही. जिने ती माती खुरपली त्या बाईलाही सौंदर्याची भूक आहे. गरिबाला फक्त भाकर हवी असते, फूल नको असते, असे समजणे हा गरिबाचा अपमान आहे.

पण शब्बाथाची कसोटी मग बागेलाही लागू पडते. बागेत मालक बसला आणि माळीण बाहेर राहिली, तर ती सुंदर जागा झाली, शब्बाथ झाला नाही.

येथे कुणी म्हणेल, “फादर, जागा ज्याची, नियम त्याचा. त्याने खर्च केला, त्याने ठरवावे.” हे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही. ख्रिस्तसभेने खाजगी मालकी कधी नाकारलेली नाही. तेराव्या शतकातील महान तत्त्वचिंतक संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिया’ या ग्रंथात चोरीविषयी विवेचन करताना या प्रश्नाचे दोन भाग केले आहेत. एक भाग वस्तू मिळवण्याचा व सांभाळण्याचा. येथे मालकी योग्य आहे, आवश्यकही आहे, कारण जे सर्वांचे ते कुणीच सांभाळत नाही आणि आपले असते त्याची माणूस नीट काळजी घेतो. दुसरा भाग वस्तूच्या उपभोगाचा. येथे मात्र माणसाने आपली वस्तू केवळ आपली न मानता सर्वांची मानावी, गरजवंताशी सहज वाटून घ्यावी. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या कामगारांविषयीच्या परिपत्रकात संत थॉमस यांच्या याच विवेचनाचा आधार घेतला. आणि २०२५ साली निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी त्यांचे नाव धारण केले ते याच परिपत्रकाची आठवण ठेवून.

सांभाळ एकाचा, उपयोग सर्वांचा. हे फक्त पुस्तकी बोलणे आहे का? न्यूयॉर्क शहराने १९६१ साली आपल्या बांधकामाच्या नियमांत तशी एक तरतूद केली. बिल्डरने आपल्याच जमिनीचा काही भाग लोकांसाठी खुला ठेवला तर त्याला इमारतीत जादा बांधकाम करू द्यायचे. जागा खाजगी, देखभाल खाजगी, वापर मात्र सर्वांचा. १९६८ साली वॉल स्ट्रीटजवळ तयार झालेले, आज झुकोटी पार्क या नावाने ओळखले जाणारे चौकोनी उद्यान अशाच व्यवस्थेतून मिळाले. २०११ साली आर्थिक विषमतेविरुद्ध निदर्शने करणारे लोक तेथे सुमारे दोन महिने मुक्काम करून राहिले, तेव्हा ही जागा नेमकी कुणाची यावर सगळ्या जगात चर्चा झाली. त्या शहरातील अशा पाचशेहून अधिक जागांची पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले की, त्यांपैकी सुमारे ४१ टक्के जागा लोकांच्या फारशा उपयोगाच्या नव्हत्या. म्हणजे जादा मजले उभे राहिले, पण बसायला नीट जागा मिळाली नाही. कायद्याने बाग करता येते, तिच्यातले मन मोकळे करता येत नाही. ते काम माणसाच्या विवेकाचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. सर्वांना मोकळे सोडले तर गवत तुडवले जाईल, कचरा होईल, दारुडे येतील. हे खरे आहे आणि म्हणून नियम हवेतच. शब्बाथालाही नियम होतेच. प्रश्न एवढाच की, नियम कशाचे रक्षण करतो? ‘फुले तोडू नयेत’ हा नियम फुलाचे रक्षण करतो आणि तो साहेबाला व शिपायाला सारखाच लागू होतो. ‘कचरा पेटीत टाकावा’ हाही तसाच. पण ‘कामावरच्या बायांनी आत बसू नये’ हा नियम गवताचे रक्षण करत नाही. त्या बाया काय गवताच्या वैरी आहेत? त्यांच्याच हातांनी ते हिरवे राहिले आहे. हा नियम फक्त इतकेच पाहतो की, बाकावर बसलेला माणूस बघणाऱ्याला शोभून दिसावा. आमचे घोरणारे आजोबा शोभून दिसले, कारण त्यांचे कपडे इस्त्रीचे होते. पेटीवर डोके ठेवलेला तरुण शोभला नाही. दमलेले दोघेही होते, आणि खरे सांगायचे तर तो अधिक दमलेला होता.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात (परिच्छेद ४५) नेमका हाच मुद्दा मांडला आहे. शहरांच्या सुरक्षित भागांत नीटनेटक्या, हिरव्यागार जागा दिसतात, पण समाजाने टाकून दिलेली माणसे जेथे राहतात त्या आडबाजूच्या वस्त्यांत त्या दिसत नाहीत, अशी खंत त्यांनी तेथे व्यक्त केली. वांद्रे-कुर्ला संकुलात उभे राहिले म्हणजे हे नकाशा न पाहताही कळते, कारण मिठीच्या पलीकडे धारावी आहे. मात्र त्याच पलीकडच्या काठावर आशेची एक खूणही आहे. जेथे वर्षानुवर्षे मुंबईचा कचरा टाकला जात होता, त्या ३७ एकर जागेत माणसांनी झाडे लावली आणि १९९४ साली ते महाराष्ट्र निसर्ग उद्यान म्हणून लोकांसाठी खुले झाले. आज तेथे दाट झाडी आहे, पक्षी आहेत, शाळांची मुले येतात. ज्या भूमीला कचऱ्याखाली श्वास घ्यायला जागा नव्हती, तिलाही विसावा देता येतो. मनात आणले तर हे होते.

आता आपल्या चिंचेकडे येऊ. वसईतील हिरवाईसाठी आपल्या लोकांनी लढा दिला आहे. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने झालेली ‘हरित वसई’ची चळवळ आपल्यातील अनेकांनी पाहिली, काहींनी तिच्यात भागही घेतला. पण गेल्या काही वर्षांत बावखले बुजत गेली, वाड्यांभोवती उंच भिंती आल्या, वाटसरूला पाणी पिण्यासाठी टेकायला पडवी उरली नाही. गावात जी थोडी सावली विनामूल्य शिल्लक आहे, तिच्यापैकी एक तुकडा चर्चच्या आवारात आहे. दुपारी त्या सावलीत बसणारे मजूर आणि बाया आपल्याच घरांचे चिरे रचतात, आपल्याच वाड्यांत खणतात, आपल्याच दारी भाजी विकतात. त्यांच्यापैकी बहुतेक जण आपल्या धर्माचे नाहीत. शब्बाथाच्या आज्ञेत ‘तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका’ असा जो उल्लेख आहे, तो अशांचाच आहे.

भाकर दहा जणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. सावलीचे तसे नाही. चिंचेखाली एक बसला काय किंवा पाच बसले काय, सावली तेवढीच राहते. देवाच्या काही देणग्या अशा आहेत की, त्या वाटून संपत नाहीत, फक्त कुलूप लावल्याने संपतात.

म्हणून आमचे नम्र मत असे. बाग जरूर करावी आणि मनापासून, सुंदर करावी. गुरे आत शिरू नयेत म्हणून कुंपणही घालावे. फाटक मात्र सकाळपासून संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत उघडे असावे. आत पिण्याच्या पाण्याचा एक नळ असावा, दोन कचरापेट्या असाव्यात आणि अशी बाके असावीत की, ज्यांवर दमलेल्या माणसाला पाठ टेकता येईल. कचऱ्याचा प्रश्न बसणाऱ्यांशी बोलून सुटेल. आजवर त्यांच्याशी कुणी बोलायला गेलेले नाही. युवा मंडळाने हे काम अंगावर घेतले, तर एका आठवड्यात फरक दिसेल. जो नियम आपण करू तो आपल्यालाही लागू असावा. लग्नाच्या दिवशी वऱ्हाडी मंडळी जो कचरा करतात, त्यालाही तो लागू असावा!

एक शेवटची गोष्ट. संत योहानच्या शुभवर्तमानात पुनरुत्थानाची सकाळ एका बागेत उगवते. रडणाऱ्या मरिया माग्दालियाला प्रभू समोर दिसतो आणि तिला वाटते, हा माळी असावा. या गैरसमजाबद्दल प्रभूने तिला रागावल्याचे शुभवर्तमानात कोठेही नाही. माळी समजले जाण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. तेव्हा आपल्या बागेच्या फाटकाशी हातात खुरपे किंवा डोक्यावर टोपली घेऊन कुणी थबकले, तर त्याला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे, हे ठरवताना ती सकाळ आपल्यासमोर असावी.

पॅरिश कौन्सिलची बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या सभागृहात होईल. या विषयावर ज्यांना बोलायचे असेल त्या सर्वांनी अवश्य यावे. ज्यांचे मत आमच्याहून वेगळे आहे त्यांनी तर आवर्जून यावे.